खंडू हनवते इथं राहतात का?

सरोजा हनवतेचा नवरा अकरा वर्षांनी घरी आला, पण स्वतःच्या पायांनी नाही. नवघरच्या त्या चाळीत रिक्षा आतपर्यंत येत नाही, म्हणून नाक्यापासून एका माणसाने त्याला पाठुंगळी घेऊन आणलं. दुपारची वेळ होती. सरोजा दारातल्या उजेडाला बसून कानातल्यांवर खडे चिकटवत होती. इमिटेशन दागिन्यांच्या गाळ्यातून तिला हे काम घरी मिळायचं. समोर कुणाचे तरी पाय थांबले म्हणून तिने मान वर केली. आधी आणणारा माणूस दिसला, मग त्याच्या खांद्यावरून पुढे आलेला, एका बाजूला ओघळलेला चेहरा. तिने हातातलं कानातलं हळूच ताटलीत ठेवलं.

"हनवतेवहिनी तुम्हीच ना?" माणसाला धाप लागली होती. "मी नाथा. वरसाव्याच्या हॉटेलात आम्ही बरोबर कामाला. आत घेऊ का ह्याला? पाठ मोडली माझी."

ती बाजूला सरकली. नाथाने खंडूला कॉटवर टेकवलं, त्याची वाकडी झालेली मान उशीवर सरळ केली आणि माठातलं पाणी स्वतःच ओतून घेतलं. खंडू चार वर्षं त्या हॉटेलात भांडी घासायला होता. त्याच्या आधी कुठे कुठे होता ते नाथालाही माहीत नव्हतं. महिन्यापूर्वी एका सकाळी उठायला गेला तर उजवी बाजू गेलेली. शेठने दवाखाना केला, महिनाभर मागच्या खोलीत ठेवून घेतलं, मग म्हणाला, याचं कुणी असेल तर पोचवून या.

"त्याला बोलता येत नव्हतं नीट. पण पत्ता बरोबर सांगितला बघा," नाथा म्हणाला. "चाळीचं नाव, खोली नंबर, सगळं."

सरोजाला नेमकं तेच लागलं. वरसावे म्हणजे काय लांब? घोडबंदर रोडने ठाण्याला जाताना बस तिथूनच जाते. कागदपत्रांसाठी ती त्या वर्षांत तीन-चारदा ठाण्याला गेली होती. खिडकीपाशी बसून पुलाच्या अलीकडची ती हॉटेलं तिने पाहिलीही होती. आणि त्यांतल्या एकाच्या मागच्या बाजूला तिचा नवरा, खोली नंबर पाठ असलेला, भांडी घासत होता.

संध्याकाळी रश्मी कॉलेजातून आली. अकरावीला होती. बाप गेला तेव्हा ती पाच वर्षांची. तिने कॉटकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि सॅक न काढताच विचारलं, "हे इथे राहणारेत?"

"मग कुठे जातील?" सरोजा म्हणाली.

"अकरा वर्षं जिथे होते, तिथे."

खंडूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की या आजारात तसं होतं, माणूस उगाच रडतो. पण त्या दिवशी ते दोघींनाही माहीत नव्हतं. रश्मी बाहेर जाऊन उभी राहिली आणि सरोजाने पदराने त्याचं तोंड पुसलं. दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही.

खंडू आणि सरोजा मूळचे परभणीकडचे. लग्न झाल्यावर तो तिला भाईंदरला घेऊन आला. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होता. कारखाना बंद पडला, तो सहा महिने इकडेतिकडे काम शोधत फिरला, मग एका सकाळी "संध्याकाळपर्यंत येतो" म्हणून गेला. भांडण झालं नव्हतं. दारू पीत होता, पण मारणारा नव्हता. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि येईल म्हणाले. दोन वर्षं वाट पाहून झाल्यावर कुणीतरी सरोजाला सांगितलं की नवऱ्याने टाकलेल्या बाईला सरकारकडून निराधारांचं पेन्शन मिळतं.

नवरा सोडून गेला हे बाई शेजारणीलाही सांगत नाही. सरोजाला ते कागदावर सिद्ध करावं लागलं. रेशन कार्डातून त्याचं नाव कमी करून आणावं लागलं. कचेरीचा माणूस पाहणीला आला, त्याने खोलीत पुरुषाचे कपडे टांगलेले आहेत का ते पाहिलं, आणि चाळीतल्या सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "नवरा खरंच येत नाही ना? रात्रीबित्री?" तेव्हा शेजारच्या हंसाबेननेच पुढे होऊन गुजरातीत सही ठोकली होती. "लिखो, नहीं आता. मैं देखती हूं ना रोज." मग मंजुरीचं पत्र आलं. त्यात सरोजाच्या नावापुढे 'परित्यक्ता' असा शब्द होता. तो तिला नीट म्हणताही यायचा नाही. पण त्या शब्दावर दर महिन्याला आधी सहाशे, मग हजार आणि आता दीड हजार रुपये बँकेत यायचे, कधी दोन महिन्यांचे एकदम, आणि त्यावर रश्मी अकरावीपर्यंत आली होती.

खंडू आला तो मार्च होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की मालिश, व्यायाम नियमित केला तर हात नाही पण पाय थोडा सुधारेल. गोळ्या मात्र कायमच्या. आणि म्हणाल्या, "यांचा दिव्यांगाचा दाखला काढा. पेन्शन बसेल त्यांना." सरोजाने जुनी पेटी उपसून त्याचं आधार कार्ड शोधलं. पत्ता नवघरचाच होता. केसपेपर त्याच पत्त्यावर निघाला, दाखल्याचा अर्जही त्याच पत्त्यावर गेला, आणि दीड महिन्यात दाखला हातात आला.

मे महिन्यात बँकेतल्या बाईने सरोजाला आठवण करून दिली की हयातीचा दाखला आणि घोषणापत्र द्यायची वेळ झाली. दर वर्षी ती ते कागद भरून द्यायची. या वर्षी रश्मीने फॉर्म भरायला घेतला आणि मध्येच थांबली.

"मम्मी, हे वाचलंय का तू कधी? 'मागील वर्षभरात माझ्या कौटुंबिक व आर्थिक परिस्थितीत कोणताही बदल झालेला नाही. बदल झाल्यास मी तात्काळ कळवीन. माहिती खोटी आढळल्यास अनुदान बंद करून रक्कम वसूल करण्यात येईल.'"

"दर वर्षी तेच असतं."

"दर वर्षी बदल नव्हता," रश्मी म्हणाली आणि कॉटकडे न बघता पेनाचं टोपण लावलं.

हंसाबेन दारातच निवडायला भाजी घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकलं. "सरोजाबेन, कुछ कहने का नहीं. सही करो और दे दो. कौन देखने आता है?"

"आणि दाखला? त्याच्यावर याच खोलीचा पत्ता आहे, हंसाबेन. ह्यांचा अर्ज द्यायचा तर सांगावंच लागेल ना की इथे राहतात."

"तो ह्यांचा अर्ज मत करो."

सरोजाने रात्रभर नाही, पण तीन दिवस त्याच्यावर विचार केला, खडे चिकटवताना, खंडूला मोरीपर्यंत नेताना. एका कागदावर माणूस आहे आणि दुसऱ्यावर तोच माणूस नाही, हे कधीतरी उघडं पडणारच. आणि वसूल हा शब्द तिच्या डोक्यातून जात नव्हता. नऊ वर्षांचे पैसे परत मागितले तर? शिवाय तिला आणखी एक वाटत होतं, ते तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. तो गेला तेव्हा तिने खरं ते सांगितलं होतं, लाज सोडून. आता आला तर खोटं का सांगायचं? चौथ्या दिवशी तिने रश्मीला कोरा कागद दिला. रश्मीने सुवाच्य अक्षरात लिहिलं की माझे पती घरी परत आले असून ते अर्धांगवायूने आजारी आहेत, त्यांना कोणतीही कमाई नाही, तरी आमचा विचार व्हावा. खाली सरोजाने सही केली. सोबत खंडूचा दिव्यांगाचा अर्ज.

कचेरीत तळमजल्याच्या खिडकीवर तिने दोन्ही कागद दिले, पोच घेतली, आणि मग दुसऱ्या मजल्यावर या योजनेचं टेबल होतं तिथे गेली. तिथे क्षितिजा मॅडम म्हणून तिशीतली बाई बसायची. सरळ बोलणारी, लोकांवर न ओरडणारी. तिने पोच पाहिली, अर्जाची झेरॉक्स वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ताई, हे तुम्ही स्वतःहून लिहून दिलंत?"

"हो. लिहिलंय ना त्यात, बदल झाला तर कळवा म्हणून."

"आधी वर येऊन मला विचारायचं तरी. खाली आवक शिक्का बसला, आता मी काही करू शकत नाही." तिने संगणकावर सरोजाचा नंबर काढला. "तुम्हाला परित्यक्ता म्हणून मिळत होतं. नवरा परत आला म्हणजे तुम्ही परित्यक्ता राहिला नाहीत."

"पण मॅडम, ते बसून आहेत. उलट खाणारं तोंड वाढलं. औषधं वाढली."

"कळतंय मला. पण ह्याच्यात तो रकाना नाही ना. रकाना फक्त नवरा आहे की नाही एवढाच." "असं करू. त्यांचा दिव्यांगाचा अर्ज आलाच आहे. आमचा माणूस घरी पाहणीला येईल, दोन्हीची एकदमच पाहणी करेल. ते घरात आहेत, आजारी आहेत, असा पंचनामा झाला की त्यांचं मंजुरीला लावते. तुमचं बंद होईल आणि त्यांचं सुरू होईल. घरात तेवढेच पैसे येतील."

"आणि तोवर?"

"तोवर तुमचं थांबवावं लागेल. दोन महिने, फार तर तीन."

जिना उतरताना सरोजाला हलकं वाटत होतं. दोन-तीन महिने काढता येतील. तिने घरी येऊन खंडूला समजावून सांगितलं, सावकाश, एकेक शब्द. तो ऐकत होता. त्याला बरंच कळायचं, फक्त तोंडातून चार-दोन शब्दच निघायचे, आणि तेही कधी भलतेच. "माझं... चालू?" त्याने विचारलं. "हो, तुमचं चालू," ती म्हणाली.

जून गेला. जुलै गेला. पाहणीला कुणी आलं नाही. मालिशवाल्या माणसाला सरोजाने यायला नको सांगितलं. गोळ्यांची एक पट्टी पुरवून पुरवून वापरली. रश्मीची फी राहिली. सरोजा खड्यांचं काम दुप्पट घ्यायला लागली, तसे डोळे दुखायला लागले. दर आठवड्याला ती बँकेत जाऊन पासबुक छापून आणायची, आणि दारात पाय टाकला की खंडू कॉटवरून विचारायचा, "आले?" ती मान हलवायची. पुन्हा पुढच्या आठवड्यात, "आले?"

ऑगस्टमध्ये एकदा ती बँकेतून आली तर त्याने चादर ओली केली होती. बँकेत दोन तास रांगेत गेले होते. तिने चादर ओढून काढली, त्याला कुशीवर वळवलं, आणि त्याने भिंतीकडे तोंड असतानाच विचारलं, "आले?"

"नाही आले!" सरोजा ओरडली. "कुठून येतील? तुम्ही नव्हता तेव्हा दर महिन्याला येत होते. तुम्ही आलात आणि बंद झाले. समजलं का आता? सारखं सारखं काय विचारता?"

ती मोरीत चादर धुवायला बसली आणि नळाच्या आवाजात थोडं रडून घेतलं. बाहेर आली तेव्हा बोललेलं मागे घ्यावं असं तिच्या मनात होतं. पण तो डोळे मिटून पडला होता, म्हणून तिने नुसता त्याच्या अंगावर टॉवेल घातला. त्यानंतर त्याने बँकेचं विचारणं सोडून दिलं. तिला वाटलं, विसरला. आजारात विसरतात.

त्याला आठ-दहा दिवस झाले असतील. सरोजा तयार माल घेऊन गाळ्यावर गेली होती आणि रश्मीची युनिट टेस्ट होती. सरोजा दुपारी परत आली तर खंडू कॉटवर भिंतीला टेकून बसलेला. स्वतःचा स्वतः उठून बसला होता, आणि त्याच्या अर्ध्या तोंडावर हसू होतं. आल्यापासून तिने ते पाहिलं नव्हतं.

"आला... आला होता," तो म्हणाला. "कचेरी."

सरोजाच्या हातातली पिशवी खाली आली. "पाहणीला? मग? दाखला दाखवलात का? उशाखाली ठेवलाय मी. दाखवलात?"

त्याने डावा हात आडवा हलवला. "न्हाय. मी सांगितलं, न्हाय."

"काय नाही?"

"खंडू... न्हाय. गेला." त्याने डावा अंगठा वर केला. त्यावर निळी शाई होती. "चालू होईल... तुझं."

सरोजाला काही उमगेना. तेवढ्यात हंसाबेन हात पुसत आली. तीही खुशीत होती.

"अरे सरोजाबेन, अच्छा हुआ तुम नहीं थी. एक काका आया था, फाइल लेके. दत्ताराम करके. पूछा, खंडू हनवते इथं राहतात का? मैं तो डर गई, क्या बोलूं. तब तक खंडूभाईने खुद बोल दिया, नहीं, वो तो चला गया. काकाने पूछा, तुम कौन? तो बोला, भाऊ. तुम्हारा भाई. रामू." हंसाबेनला हसू आलं. "मैंने सोचा, बराबर है. मैंने भी बोला, वो तो ग्यारह साल से गया, ये सरोजाबेन का भाई है, बीमार है, इलाज को आया है. काकाने सब लिख लिया. मैंने सही की, खंडूभाईने अंगूठा दिया."

रामू हे सरोजाच्या सख्ख्या भावाचं नाव. तो परभणीला असतो. खंडूला ते आठवलं होतं. दिवसाला चार शब्द नीट न सापडणाऱ्या माणसाला तेवढं नेमकं आठवलं होतं.

सरोजा खाली बसली. हंसाबेनच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "क्या हुआ? गलत बोला क्या?"

"नाही," सरोजा म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही, हंसाबेन."

खंडू अजून अंगठा वर धरून होता. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायचं ते एकदा ओरडून झालं होतं आणि हे त्यातूनच निघालं होतं. तिने फडक्याला तेल लावून त्याच्या अंगठ्याची शाई पुसायला घेतली. शाई निघत नव्हती. तो तिच्याकडे शाबासकीच्या आशेने पाहत होता, आणि शेवटी तिला म्हणावं लागलं, "बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. क्षितिजापुढे फाइल उघडीच होती.

"मी तुम्हाला निरोप धाडणारच होते, ताई. हे काय आहे? तुमच्या अर्जात लिहिलंय, नवरा परत आला. पंचनाम्यात आहे, नवरा तिथे राहत नाही, अकरा वर्षांपासून बेपत्ता. शेजारणीची सही, भावाचा अंगठा. मग खरं काय?"

"तो भाऊ नाही मॅडम. तेच हे. माझे मालक." आणि सरोजाने सगळं सांगितलं, चादरीसकट.

क्षितिजाने मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "त्यांना इथे आणता येईल? मी डोळ्यांनी बघते. दत्तारामकाका पण ओळखतील."

त्या शुक्रवारी रश्मी कॉलेजला गेली नाही. कुणी न सांगता तिने बापाचा शर्ट बदलला, त्याचे केस विंचरले आणि आईबरोबर त्याला नाक्यापर्यंत धरून आणलं. बापाच्या अंगाला तिने हात लावलेला सरोजाने पहिल्यांदाच पाहिला. दोघींनी मिळून त्याला रिक्षात बसवलं. कचेरीची लिफ्ट बंद होती. दोन जिने चढवणं शक्यच नव्हतं, म्हणून खंडूला खाली झेरॉक्सवाल्याच्या स्टुलावर बसवून रश्मी वर निरोप द्यायला गेली. थोड्या वेळाने क्षितिजा स्वतः खाली उतरली, मागे दत्ताराम. पन्नाशी उलटलेला, कमरेला पट्टा बांधलेला साधा माणूस.

"हा तर रामू," दत्ताराम लगेच म्हणाला. "बाईंचा भाऊ. मीच अंगठा घेतलाय याचा."

क्षितिजा खंडूपुढे वाकली. "काका, घाबरू नका. तुमचं नाव काय?"

खंडूने तिच्याकडे पाहिलं, दत्तारामकडे पाहिलं, आणि मग सरोजाकडे. त्याचे ओठ नुसते हलत होते. त्याला नाव आठवत नव्हतं असं नाही. कुठलं सांगितलं म्हणजे तिचं भलं होईल, एवढंच तो तिच्या चेहऱ्यावर शोधत होता. आणि सरोजाला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

"खरं सांगा," ती म्हणाली. "तुमचं नाव सांगा."

"रामू," खंडू म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून घाईघाईने, "न्हाय. खंडू. खंडू... गेला."

झेरॉक्सच्या रांगेतल्या एक-दोघांनी वळून पाहिलं. रश्मी पुढे झाली. "मॅडम, हे माझे पप्पा आहेत. खंडू हनवते. आधार आहे, फोटो बघा." तिने कार्ड पुढे केलं. फोटो बारा वर्षांपूर्वीचा, भरल्या गालांचा, जाड मिशीचा. दत्तारामने कार्ड हातात घेऊन एकदा फोटोकडे, एकदा खंडूच्या ओघळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कार्ड परत दिलं.

क्षितिजाने सरोजाला जिन्याच्या कोपऱ्यात नेलं. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण माझ्या विश्वासावर फाइल चालत नाही. पंचनामा खोटा होता असं मी वर लिहिलं, तर पहिलं विचारतील, खोटं कुणी सांगितलं? तुमच्या मालकांनी नाव बदलून अंगठा दिलाय. शेजारणीने सही केलीय. दोघांना नोटीस निघेल. दत्तारामकाकांनाही निघेल, ओळखपत्र न बघता लिहिलं म्हणून. त्यांची सहा महिने नोकरी उरलीय."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर पंचनामा खरा धरला जाईल. मालक इथे राहत नाहीत, म्हणून त्यांचा अर्ज नामंजूर. आणि तुमचा अर्ज म्हणतो ते आलेत, म्हणून तुमचं संशयित. ते अर्ज मंजूर करणाऱ्या समितीपुढे जाईल. समिती सध्या नेमलेली नाही. कधी नेमतील सांगता येत नाही."

"म्हणजे दोन्हीकडून..."

"हो," क्षितिजा म्हणाली, आणि तिने नजर दुसरीकडे वळवली. "वर्षभर जाऊ द्या. मग त्यांचा नवा अर्ज करा, पोलिसांकडून ओळख पटवून. मी असेन इथे तर बघेन. नाहीतर आत्ता लिहून द्या, मी वर पाठवते. तुम्ही ठरवा."

सरोजाने दाराकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढे हंसाबेनच्या नावाची नोटीस आली, हंसाबेनची सून ती हातात घेऊन चाळीभर विचारत फिरताना दिसली. नऊ वर्षांपूर्वी तीच बाई भर चाळीत तिच्या बाजूने उभी राहिली होती. दत्ताराम थोड्या अंतरावर पट्टा सारखा करत उभा होता. त्याला सगळं ऐकू जात होतं, पण तो ऐकत नसल्यासारखा भिंतीवरचा फलक वाचत होता.

"राहू द्या," ती म्हणाली.

"नक्की?"

"काय करू मग?"

क्षितिजाने सरोजाच्या हातावर हात ठेवला आणि जिना चढून गेली. दत्ताराम मात्र मागे राहिला. त्याने बाहेर जाऊन रिक्षा थांबवली आणि खंडूला डाव्या बाजूने आधार देऊन आत बसवायला मदत केली. "सावकाश, रामू..." म्हणाला आणि जीभ चावली. मग रिक्षाच्या दांडीला धरून सरोजाला म्हणाला, "बाई, मला त्या दिवशी सात घरं करायची होती." तिला त्याचा राग आला नाही. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

रिक्षा इंद्रलोकच्या वळणावर सिग्नलला थांबली. रश्मी बापाच्या पलीकडे बसली होती, तो कलंडू नये म्हणून तिने हात मागून घातला होता. तिने समोर बघतच विचारलं, "मम्मी, आता फॉर्म कुणाच्या नावाने भरायचा?"

"माहीत नाही," सरोजा म्हणाली.

खंडूने दोघींकडे आलटून पालटून पाहिलं. मग डाव्या हाताने त्याने सरोजाचा पदर धरला आणि पाच महिन्यांत कधी बोलला नव्हता इतकं लांब वाक्य जुळवत म्हणाला, "मी... तिकडं जाऊ? वरसावे... सोड मला."

"गप्प बसा," ती म्हणाली. सिग्नल सुटला. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, रिक्षा जोरात सुटली आणि तो एका बाजूला झुकला. तेव्हा दोघींनी त्याला दोन्हीकडून घट्ट धरून ठेवलं.